तळ्याचे देणे

श्रावणातील शिळासप्तमीची कहाणी मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजाने तळे खणले, पण पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा मागितला, तेव्हा कोठे तळे भरले. कर्नाटकातील ‘केरेगे हार’ या लोकगीतातही हेच संकट आहे. तेथे गौडाची धाकटी सून भागीरथी तळ्याला अर्पण होते. पाण्यासाठी समाजाला आपले काही द्यावे लागते, ही जाणीव या दोन्ही करुण कथांच्या मुळाशी आहे.

बंगळूरच्या पठारावर या कथेला विशेष अर्थ आहे. तेथे मोठी नदी नाही. म्हणून लोकांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडविले. एका तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यास मिळे. पाण्याची वाटणी ‘नीरगंटी’ पाही, गाळ गावकरी उपसत आणि तोच शेतात घालीत. केंपेगौडांनी १५३७ मध्ये शहर वसविले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले; राज्ये पालटली, तरी तळी राहिली. शहराच्या पूर्वेस १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. त्या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून ती वसाहत व्हाइटफील्ड म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या भोवतालची गावेही तळ्यांवरच जगत होती.

१८९६ मध्ये हेसरघट्टाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे नळ दूरच्या कावेरीपर्यंत पोहोचले आणि तळ्याशी असलेले देण्याघेण्याचे नाते सुटत गेले. १९९० नंतर व्हाइटफील्डच्या परिसरात संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून वस्ती वाढली आणि सांडपाणीही वाढले. २०१५ मध्ये वर्तूर तळ्याच्या सांडव्यातून पांढरा फेस उसळून रस्त्यावर आला. साबणचुऱ्याचे अंश व प्रक्रिया न केलेले मैलापाणी हे त्याचे कारण होते. पूर्वी गाव तळ्याला काही देत असे. आता शहराने तळ्याचाच बळी दिला होता.

व्हाइटफील्डच्या नैर्ऋत्येस, सर्जापूर रस्त्यालगत, कैकोंड्रहळ्ळीचे तळे आहे. तेथील पाणी पुढे बेळ्ळंदूरमार्गे वर्तूरलाच जाते. २००८ च्या सुमारास हे तळेही मरणपंथास लागले होते. आसपासच्या रहिवाशांनी महानगरपालिकेशी हातमिळवणी करून त्याचा उद्धार हाती घेतला. गाळ निघाला, झाडे लागली, पक्ष्यांसाठी बेट राहिले आणि काठावर एक खुले रंगस्थळही बांधले गेले. तेथे ‘केरे हब्ब’, म्हणजे तळ्याचा उत्सव, भरू लागला. काठावरून जाणारी पण तळ्याकडे न पाहणारी माणसे त्या निमित्ताने थांबली. चित्र काढण्यासाठी बगळा निरखणाऱ्या मुलाला त्या बगळ्याचे पाणी कोठून येते, हा प्रश्न पडतोच.

तथापि शोभा आली की गरीब बाहेर घालविला जातो, हा शहरांचा नेहमीचा अनुभव आहे. कैकोंड्रहळ्ळीचे मोठेपण असे की, फिरायला येणाऱ्यांबरोबर चारा कापणारे आणि मासे धरणारे यांनाही तेथे जागा राहिली. सामायिक संपत्तीचा अभ्यास करून २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हरिणी नागेंद्र यांच्यासह बंगळूरच्या तळ्यांवर संशोधन केले, ते याच प्रश्नाच्या ओढीने: सर्वांचे असलेले कोणी सांभाळावे?

उत्सवाने मैलापाणी थांबत नाही. त्याला नळ, यंत्रे आणि कठोर शासन लागते. परंतु ती मागणी नेटाने करणारा समाज काठावर एकत्र यावा लागतो, आणि त्याला एकत्र आणण्याचे काम गाणे, चित्र आणि कथा करतात. शिळासप्तमीच्या कहाणीत आईला तिचे मूल अखेरीस परत मिळते. वर्तूरच्या काठी मात्र ती कहाणी अजून संपलेली नाही.