दुसरा संसार : पालि वाङ्मयाची साक्ष आणि बाबासाहेबांचे चरित्र

मे महिन्याच्या अखेरीस दोन स्मृतिदिन जवळजवळ येतात. २७ मे १९३५ रोजी दादरच्या 'राजगृहा'त माता रमाईंचे निधन झाले. २९ मे २००३ रोजी डॉ. सविता आंबेडकर तथा माईसाहेब मुंबईत निवर्तल्या. पहिल्या दिवशी विहाराविहारांतून अभिवादनसभा होतात. दुसरा दिवस पुष्कळ ठिकाणी नुसताच उलटून जातो. एकीचे स्मरण करावयाचे तर दुसरीचा अव्हेर करणे भाग आहे, असा काहीसा समज आपल्या मनात घर करून बसला आहे. जोडीदार गमावलेल्या, मुलाबाळांच्या आईने वा बापाने पुन्हा कोणावर जीव जडवावा काय, आणि जडविल्यास पहिल्या प्रेमाचे काय होते, हा प्रश्न या समजाच्या मुळाशी आहे. पालि वाङ्मय व बाबासाहेबांचे चरित्र या दोन आधारांनी त्याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात नकुलपिता व नकुलमाता या गृहस्थ दांपत्याचा प्रसंग आला आहे. नकुलपिता मरणोन्मुख आजारी आहे. पत्नी त्याला चिंताग्रस्त मनाने देह न ठेवण्याची विनवणी करते आणि त्याच्या मनातील एकेक शंका स्वतःच बोलून दाखवून तिचे निरसन करते. तुमच्या पश्चात मी सूत कातून व लोकर विंचरून मुलांना सांभाळीन, असे ती सांगते. दुसऱ्या घरी जाणार नाही, असेही सांगते. हे दुसरे आश्वासन इतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचे वाटते. जे घडूच शकत नाही, त्याविषयी कोणी कोणाला आश्वासन देत नाही. मुले पदरी असलेल्या विधवेने दुसऱ्याचे घर करणे ही त्या समाजात संभवनीय गोष्ट होती, असा याचा अर्थ होतो. नकुलमातेचा निश्चय तिचा स्वतःचा आहे. भगवंतांनी तिची प्रशंसा केली. परंतु तिच्या निश्चयाचा नियम करून तो इतर स्त्रियांवर लादला नाही.

उच्छंग जातकातही हेच दिसते. पती, पुत्र व भाऊ यांपैकी एकालाच सोडविण्याची मुभा राजाने दिली असता त्यातील स्त्री भावाची निवड करते. आईबाप नसल्याने भाऊ पुन्हा मिळणार नाही, पती मात्र मिळू शकेल, असा तिचा युक्तिवाद आहे. जातककथा म्हणजे शिरगणतीचा कागद नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि ऐकणाऱ्यांना हा युक्तिवाद विपरीत वाटला असता, तर कथा टिकली नसती.

आता बाबासाहेबांकडे वळू. विधुर पित्याच्या दुसऱ्या संसाराची झळ त्यांना बालपणीच लागली होती. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी मुलांना मायेने वाढविले. पुढे सुभेदार रामजींनी जिजाबाईंशी विवाह केला, तेव्हा आईच्या जागी दुसरी स्त्री पाहून लहानग्या भीमाचे मन दुखावले. ते दुःख खरे होते. मुलाच्या बाजूने हा प्रश्न कसा दिसतो, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी याच प्रश्नाकडे समाजशास्त्राच्या दृष्टीने पाहिले. जातीबाहेर विवाह नको म्हटले की विधवा व विधुर दोघेही जातीला जड होतात. विधवेसाठी सतीची चिता किंवा सक्तीचे वैधव्य. विधुरासाठी मात्र अद्याप विवाहयोग्य न झालेली जातीतीलच मुलगी, अशी तोड जातीने काढली, असे त्यांचे विवेचन आहे. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढे आपणच विधुर होऊ, हे त्यांना कोठून ठाऊक असणार!

रमाईंच्या पोटची चार मुले अकाली गेली. यशवंतराव तेवढे वाचले. रमाई गेल्यावर पुन्हा विवाह न करण्याचा निश्चय बाबासाहेबांनी केला व तो बारा वर्षांहून अधिक काळ पाळला. १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. १९४७ च्या सुमारास मात्र मधुमेह, संधिवात व पायांच्या वेदनांनी ते जर्जर झाले. घटनेच्या मसुद्याचे काम त्याच काळात चालले होते. याच सुमारास त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला. मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला जुना निश्चय व तो मोडावा लागण्याची कारणे मोकळेपणाने कळविली आहेत. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील त्यांच्या निवासस्थानी हा विवाह नोंदणी पद्धतीने झाला.

१९१६ च्या निबंधाशेजारी ही नोंद ठेवून पाहावी. जातीने विधुरासाठी आखलेली वाट बाबासाहेबांनी चोखाळली नाही. त्यांनी चाळिशीच्या जवळ आलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली, दुसऱ्या जातीत जन्मलेली वैद्यक पदवीधर स्त्री सहचारिणी म्हणून निवडली. तरुणपणीचा सिद्धान्त त्यांनी उतारवयात आचरणात आणला.

हा विवाह केवळ शुश्रूषेसाठी होता, त्यात प्रेमाचा अंश नव्हता, असे म्हणणारे आढळतात. माईसाहेबांनी १९९० साली 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या आत्मकथनात बाबासाहेबांची पत्रे प्रसिद्ध केली. त्यांत 'शारू' म्हणून साद घालणारा माणूस परिचारिका शोधणारा वाटत नाही. शिवाय शुश्रूषा आणि प्रेम यांत भिंत उभी करावयाची कशासाठी? नकुलमातेचे शब्द ऐकून नकुलपिता अंथरुणावरून उठला आणि काठी टेकीत भगवंतांच्या दर्शनास गेला. अशी पत्नी लाभली हा तुझा मोठा लाभ होय, असेच भगवंतांनी त्यास सांगितले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात या पतिपत्नींनी एकत्रच धम्मदीक्षा घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपल्याला जगविल्याचे श्रेय पत्नीस व डॉ. मालवणकरांस दिले आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी ती १९८० साली प्रकाशात आणली. मधल्या काळात माईसाहेबांच्या वाट्याला संशय आला. महापरिनिर्वाणानंतर झालेल्या शासकीय चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचे निष्पन्न झाले, तरी तो संशय पुरता निवला नाही. कृतज्ञतेचे ते शब्द वेळीच वाचकांपुढे आले असते, तर काही मने निवळली असती, असे आम्हांस वाटते.

रमाईंना अर्पण केलेले पान आणि माईसाहेबांचे ऋण मानणारे पान एकाच हाताने लिहिले आहे. त्या हाताला दोहोंत विरोध दिसला नाही. तो आपण का पाहावा? आज आपल्या वस्तीत एखादी विधवा आई वा विधुर पिता पुन्हा संसार मांडू म्हणेल, तेव्हा लहानग्या भीमाचे दुखावलेले मन आपण जरूर ध्यानी घ्यावे, मुलांशी मायेने बोलावे. परंतु त्या माणसाच्या पहिल्या प्रेमाविषयी शंका घेण्याचा अधिकार पालि वाङ्मय आपणांस देत नाही, बाबासाहेबांचे चरित्रही देत नाही. २७ मे रोजी लावलेला दीप २९ मेपर्यंत तेवत राहावा, इतकीच आमची नम्र सूचना आहे.