विसंगतीचा माग : डोरोथी डेनिंग यांचे संशोधन आणि त्याचा आजचा अर्थ

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

क्रांती चौकात सायंकाळी सहा वाजता वाहनांची रांग लागली तर कोणी वळूनही पाहत नाही. तीच रांग पहाटे तीनला दिसली तर गस्तीवरील शिपाई थबकतो. शिवजयंतीच्या रात्री मात्र त्याच गर्दीत त्याला काही वावगे वाटत नाही. हा तारतम्यभाव संगणकाला शिकविणारे शास्त्र म्हणजे विसंगती-शोध, अर्थात अ‍ॅनोमली डिटेक्शन.

संगणक सुरक्षेत त्याचा पाया घालण्याचे मोठे श्रेय अमेरिकेच्या डॉ. डोरोथी डेनिंग यांच्याकडे जाते. १९४५ मध्ये जन्मलेल्या डेनिंग यांनी पर्ड्यू विद्यापीठातून १९७५ मध्ये डॉक्टरेट मिळविली व तेथेच अध्यापन केले. १९८३ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत गेल्या. तोपर्यंत सुरक्षा म्हणजे मुख्यतः कुलूप, म्हणजेच पासवर्ड. पण चोरलेल्या किल्लीने आत आलेला माणूस कुलपाच्या लेखी मालकच! डेनिंग यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात निराळा मार्ग सुचविला. प्रत्येक वापरकर्ता केव्हा येतो, कोणत्या फायली उघडतो, याचे सांख्यिकी चित्र तयार करावे आणि वर्तन त्यापासून दूर गेले की इशारा द्यावा. पुढे जॉर्जटाऊन विद्यापीठ व २००२ पासून नौदलाच्या मॉन्टेरे येथील पदव्युत्तर संस्थेत अध्यापन करून त्या २०१६ मध्ये निवृत्त झाल्या. सांकेतिक संभाषण उलगडण्याची सोय सरकारकडे असावी, या त्यांच्या नव्वदच्या दशकातील भूमिकेवर बरीच टीकाही झाली.

कल्पना सोपी, अंमल कठीण. दहा लाख व्यवहारांत दहा खोटे आहेत आणि यंत्रणा ९९ टक्के अचूक आहे, असे समजा. खोटे व्यवहार बहुतेक सापडतील. पण एक टक्का चुकीमुळे सुमारे दहा हजार खऱ्या ग्राहकांवरही संशय येईल. स्वीडनमधील संशोधक स्टीफन अ‍ॅक्सेलसन यांनी १९९९ मध्ये नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. इशाऱ्यांच्या पुरात खरा इशारा वाहून जातो.

याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली. ११ ऑगस्टला बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून काही तासांत हजारो वेळा पैसे काढले गेले. बनावट स्विच उभारून मंजुरी परस्पर दिली जात होती; बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारणाच होत नव्हती. सुटी पाहिली तर यातील बरीचशी रक्कम-काढणी साधीच दिसावी. एकत्र पाहिल्यावरच विसंगती उघड होते.

या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांनी संगणकशास्त्राइतकेच संख्याशास्त्र पक्के करणे आवश्यक आहे. शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभाग आणि विद्यापीठ परिसरातीलच ‘नायलिट’ ही केंद्र सरकारची संस्था, या दोन ठिकाणी प्राथमिक चौकशी करता येईल.