बडविलेला बैल आणि घरांतील ससा



बैल बडविणें म्हणजे काय, हें आमच्या भूमच्या बाजूस लहान पोरालाही ठाऊक असतें. पण सशाला खच्ची करून आणलें असें कोणी सांगितलें, तर ऐकणारा प्रथम हसतो. त्याला नवल वाटतें, कारण बालाघाटच्या माळावरील आमचा ससा कोणी पाळलेलाच नाहीं. तो बीळ खणीत नाहीं. गवताच्या आडोशाला बसतो, आणि त्याच्या पिलांचे डोळे जन्मतांच उघडे असतात. बाजारांतून पिंजऱ्यांत बसून घरीं येणारा प्राणी ही निराळीच जात होय. तिचें मूळ स्पेन-पोर्तुगालच्या बाजूस. ती बिळांत राहते आणि तिचीं पिलें आंधळीं व केसांवांचून जन्मतात. मराठींत दोघांनाही ससा हें एकच नांव पडलें, एवढाच त्यांचा संबंध.

जनावरांना खच्ची करण्याचा उल्लेख मात्र आपल्याकडे फार जुना आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत तो सांपडतो. राज्याभिषेकाला २६ वर्षें झाल्यावर, म्हणजे ख्रिस्तपूर्व २४३ च्या सुमारास, त्यानें आज्ञा कोरविली कीं, पंधरवड्याची अष्टमी, चतुर्दशी व पंधरावा दिवस, तिष्य व पुनर्वसु हीं नक्षत्रें, तीन चातुर्मासी आणि सणवार, या दिवशीं बैल, बोकड, मेंढे, डुकर यांना खच्ची करूं नये. ही आज्ञा बारकाईनें पाहण्याजोगी आहे. मनाई विवक्षित दिवसांपुरतीच आहे. एरवीं तें काम सर्रास चाललें असलें पाहिजे. दयेसाठीं गाजलेल्या सम्राटानेंही तें अजिबात बंद केलें नाहीं. माझ्या मतें कारण उघड आहे. शेती बैलाच्या खांद्यावर उभी, राज्य शेतीवर उभें, आणि आंडील बैल जुवाखालीं मुकाट्यानें चालत नाहीं!

दुसरी बाजूही आमच्याच तालुक्यांत आहे. कुंथलगिरीचें जैन तीर्थ भूम तालुक्यांतलें. आचार्य शांतिसागरांनीं १९५५ सालीं सल्लेखनेनें देह ठेवला तो तेथेंच. श्रावकानें वर्ज्य करावयाच्या पंधरा उद्योगांत जैन आचारग्रंथांनीं ‘निर्लांछन कर्म’ गणलें आहे. जनावरांचे अवयव छेदणें, त्यांना खच्ची करणें, हा त्याचा अर्थ. हा निषेध आणि तो नांगर, दोन्ही एकाच माळावर शतकानुशतकें नांदलीं.

निषेध करणाऱ्यांना निर्दयता दिसली ती खरीच होती. खोंडाला दोरांनीं पाडीत, चारी पाय बांधीत आणि अंडाची शीर दोन काठ्यांत धरून ठेचीत. भूल नाहीं, वर हळद-तेल, आणि पुढचें त्याच्या नशिबावर. माणसाच्या शस्त्रक्रियेंत ईथरची भूल १८४६ सालीं व क्लोरोफॉर्मची १८४७ सालीं आली. मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इटलीच्या बर्डिझो नांवाच्या पशुवैद्यानें एक मोठा चिमटा तयार केला. त्यानें कातडें न फाटतां आंतली शीर चेपली जाते. रक्त नाहीं, जखम नाहीं, माशी बसावयाला जागा नाहीं. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेल्या आमच्यासारख्या आडबाजूच्या खेड्यांतही पुढें दवाखान्याबरोबर तो चिमटा आला व काठ्या हळूहळू मागें पडल्या. आतां तर २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें हें काम नोंदलेल्या पशुवैद्याकडून व भूल देऊनच करावयाचें आहे.

मग सशालाच हें कां? बैलाला आपण कामासाठीं खच्ची केलें. सशाचें कारण त्याचें प्रजनन. मादी एकतीस दिवसांत विते आणि त्याच दिवशीं पुन्हां गाभण राहूं शकते. प्लिनी सांगतो कीं, बॅलिआरिक बेटांच्या रहिवाशांनीं सशांविरुद्ध सम्राट ऑगस्टसकडे फौज मागितली होती. १८५९ सालीं टॉमस ऑस्टिन यानें ऑस्ट्रेलियांत शिकारीसाठीं चोवीस ससे सोडले. त्यांच्या वंशानें पुढें त्या खंडाची कुरणें खाऊन टाकलीं. शिवाय मादीच्या जिवाचाही प्रश्न आहे. रॉकफेलर संस्थेंतील ग्रीन व सॅक्स्टन यांनीं १९३८ सालीं माद्यांच्या गर्भाशयांतील अर्बुदांविषयीं लिहिलें, आणि वय वाढेल तसा हा रोग फार बळावतो असें दिसून आलें. गर्भाशय काढल्यास तो होत नाहीं. घरांत मोकळा ससा पाळण्याची रीत पश्चिमेकडे वाढल्यावर, विशेषतः १९८८ सालीं कॅलिफोर्नियांत हाउस रॅबिट सोसायटी निघाल्यापासून, या शस्त्रक्रियेचा पुरस्कार होऊं लागला.

‘खच्ची’ या शब्दानेंच पुष्कळांचें मन कचरतें. आपण मनोधैर्य खच्ची होणें असें म्हणतों ना! परंतु ससा कांहीं खिन्न होऊन बसत नाहीं. उलट त्याचें मूत्र उडविणें व भांडणें कमी होतात. ज्या प्राण्याला आपण पिंजऱ्यांत आणलें, त्याच्या संततीचा भारही आपलाच, असें मी मानतों.

काम मात्र नाजूक आहे. नराच्या जांघेची वाट पोटाकडे उघडी असते. ती वैद्याला नीट बंद करावी लागते. म्हणून सशाच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेलाच वैद्य शोधावा. माणसासारखें त्याला उपाशी ठेवूं नये; ससा ओकूं शकत नाहीं, आणि रिकामें आंतडें थांबलें तर तोच त्याचा मृत्यु. घरीं आणल्यावर त्याला ऊब द्यावी, खालीं भुसा न घालतां स्वच्छ कापड अंथरावें, समोर वाळलें गवत व थोडी कोथिंबीर ठेवावी, आणि लेंड्या मोजाव्या. बारा तास कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी पडली नाहीं, तर सकाळची वाट न पाहतां वैद्याकडे न्यावें. जखम दिवसांतून दोनदां पाहावी. ती ओली करूं नये. घरांतलें माणसाचें औषध तर मुळींच देऊं नये. ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिल्यास त्याच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मरून तो दगावूं शकतो.

मादीला दहा दिवस उड्या मारूं देऊं नये. नर दोन दिवसांत टुणटुणीत दिसतो, तरी त्याच्या अंगांत पूर्वीचें बीज उरलेलें असतें. म्हणून त्याला सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावें. पुष्कळ घरीं नेमकी येथेंच गफलत होते, आणि महिन्याभरानें पिंजऱ्यांत पिलें दिसतात.