ट्रान्समिशनचं तापमान: स्क्रीनवरचा आकडा खरा आहे का, हे कसं तपासायचं?

ऑटोमॅटिक गाडीने आंबेनळी घाट चढताना मोबाइल ॲपवर ट्रान्समिशनचं तापमान ११८ अंश दिसलं, की पोटात गोळा येतो. पण त्याहून वाईट गोष्ट उलटी आहे. ॲपवर ६० दिसतंय, चालक निवांत आहे आणि आत ऑइल जळतंय. म्हणून आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो एकदा तपासून घ्यावा. यासाठी खर्च जवळपास काहीच येत नाही.

आकडा येतो कुठून?

गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये एक छोटा सेन्सर बुडलेला असतो. ऑइल तापलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो. गाडीचा कॉम्प्युटर त्यावरून अंश काढतो आणि तो आकडा तुमच्या डॅशबोर्डवर किंवा ॲपवर येतो. म्हणजे सेन्सर, वायर, कॉम्प्युटर, ॲप अशी ही साखळी आहे, आणि गडबड कुठेही होऊ शकते.

सगळ्यात सोपी परीक्षा: थंड गाडी

गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनर किंवा ॲपवर तीन आकडे पाहा: कूलंटचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान आणि ट्रान्समिशनचं तापमान. आठ-दहा तास उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही जवळजवळ सारखेच असायला हवेत. चार-पाच अंशांचा फरक चालतो. पंधरा-वीसचा असेल तर काहीतरी नक्की चुकतंय.

चुकीचा आकडा पाहूनही बरंच कळतं. उणे ४० दिसलं तर बहुधा वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघालाय. रोध अमर्याद झाला की कॉम्प्युटरला ऑइल गोठल्यासारखं वाटतं. थंड गाडीतही दीडशेच्या आसपास दिसलं तर शॉर्ट सर्किट असू शकतं. आणि बरोब्बर ४० अंश जास्त दिसत असेल, म्हणजे बाहेर २५ आणि ॲपवर ६५, तर सेन्सरला दोष देऊ नका. उणे आकडे पाठवावे लागू नयेत म्हणून गाडी अनेकदा तापमानात ४० मिळवून पाठवते. ते वजा करायचं काम ॲपचं, आणि ॲप ते विसरलंय.

ॲपच्या बाबतीत हे वरचेवर होतं. कूलंटचं तापमान सगळ्या कंपन्या एकाच ठरलेल्या कोडने देतात, पण ट्रान्समिशनचं तापमान बहुतेक कंपन्या स्वतःच्या कोडने देतात. दुसऱ्या मॉडेलचं सूत्र वापरलं की आकडा दिसतो, पण त्याला अर्थ नसतो. फॅरनहाइटचंही लक्षात असू द्या: १९४ फॅरनहाइट म्हणजे फक्त ९० सेल्सिअस.

मग गरम गाडी

थंड परीक्षेत पास झालेला सेन्सर गरम झाल्यावर अडकू शकतो. अर्धा तास गाडी चालवून आकडा कसा वाढतो ते पाहा (हे काम शेजारी बसलेल्याने करावं). तो हळूहळू, सलग वाढायला हवा. बऱ्याच गाड्यांत तो ८० ते १०० च्या दरम्यान स्थिरावतो. एका सेकंदात ८५ वरून १४० वर उडी मारली तर ती वायरिंगची गडबड. इतकं ऑइल एवढ्या झटपट तापत नाही. आकडा अजिबात हललाच नाही तर गॅरेजच्या स्कॅनरवर पी०७११ हा कोड आहे का ते विचारा.

लेझरवाल्या थर्मामीटर गनने गिअरबॉक्सखालचा ऑइल पॅन मोजता येतो, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूप कमी दाखवते. तिथे उष्णता सोसणारी काळी टेप चिकटवून त्यावर मोजा. तरीही पॅनचा पृष्ठभाग आतल्या ऑइलपेक्षा थंडच असतो. आणि हे फक्त गॅरेजच्या रॅम्पवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

खरं नुकसान कुठे होतं?

अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर बोल्ट उघडून पातळी पाहतात. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्ससाठी हे तापमान ३० ते ५० अंश आहे. आता स्क्रीन २० अंश कमी दाखवत असेल, तर प्रत्यक्षात ऑइल जास्त गरम, म्हणून जास्त फुगलेलं. बोल्ट उघडला की जास्तीचं ऑइल वाहून जातं आणि मेकॅनिक समाधानाने बोल्ट घट्ट करतो. ऑइल थंड झालं की गिअरबॉक्स कमी ऑइलवर. म्हणून ऑइल बदलायला गाडी देताना रात्रीच ठेवा आणि सकाळी थंड गाडीत त्यांच्या स्कॅनरवर तिन्ही आकडे पाहायला सांगा. मेकॅनिक हसला तरी चालेल.

एएमटी गाडीत मात्र हे शोधत बसू नका. तिचा गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असतो, क्लच फक्त यंत्र दाबतं.

आणि डॅशबोर्डवर कंपनीचाच ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा आला, तर तपासणी नंतर. आधी सुरक्षित जागी थांबा. नेहमीच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्किंगला टाकून इंजिन चालू ठेवा, म्हणजे पंप ऑइल कूलरमधून फिरवत राहतो. इतर प्रकारांत मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं करा.