रंग चोरणारा व्यंगचित्रकार

अमेरिकन वृत्तपत्रांतील व्यंगचित्रमालिका म्हणजे पोरखेळ, असे आपल्याकडे समजतात. मला तिच्यात वर्णद्वेषाचा इतिहास दिसतो.

जॉर्ज हेरिमन १८८० साली न्यू ऑर्लिन्समध्ये मिश्रवंशीय क्रिओल कुटुंबात जन्मले. जन्मदाखल्यात 'कलर्ड' अशी नोंद होती. १८९० साली लुइझियानात गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे डबे वेगळे करणारा कायदा झाला. त्याच सुमारास हे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले आणि पुढे हेरिमन गोरे म्हणूनच वावरले.

१९१३ साली हर्स्टच्या वृत्तपत्रात त्यांची 'क्रेझी कॅट' सुरू झाली. एक काळे मांजर, त्याच्या डोक्यात वीट हाणणारा उंदीर आणि उंदराला कोठडीत टाकणारा पोलीस कुत्रा, एवढ्या भांडवलावर ती १९४४ पर्यंत चालली. मांजर त्या विटेलाच प्रेमाची खूण समजते! एकदा हेच मांजर प्रसाधनगृहातून पांढरे होऊन येते, तर उंदीर त्याच्यावर भाळतो.

१९४४ साली हेरिमन वारले. मृत्यूच्या दाखल्यात 'कॉकेशियन' म्हणजे गोरा अशी नोंद झाली. जन्मदाखला आर्थर बर्गर या अभ्यासकाने १९७१ साली उजेडात आणला. तोवर समीक्षक या मालिकेत केवळ कला आणि विनोद पाहत होते. ती वीट कुठून येते, हे त्यांनी विचारले नाही.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचलेल्याला हे वेगळे सांगायला नको. रंग लपवला म्हणून हेरिमन यांना दोष देणाऱ्यांनी आधी तो रेल्वेचा कायदा वाचावा.