तुटलेला मज्जातंतु पुन्हां वाढतो काय?



विळीवर भाजी चिरतांना बोट कापलें, तर कातडी आठ-दहा दिवसांत सांधते. पण घाव खोल गेला असेल, तर बोटाचें टोंक कित्येक महिने बधिर राहतें. गरम भांडें लागलें तरी तेथें कळत नाहीं. आणि मग एके दिवशीं त्या टोंकाला मुंग्या येऊं लागतात. घरांतील वडील माणसें म्हणतात, "बोटांत जीव येऊं लागला." हें म्हणणें शास्त्रदृष्ट्याहि यथार्थ आहे. तुटलेला मज्जातंतु मुळाकडून टोंकाकडे पुन्हां वाढत येत असतो. परंतु तसेच तंतू पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत तुटले, तर ते वाढत नाहींत, आणि माणूस जन्माचा पंगु होतो. एकाच शरीरांत हा भेद कां? या प्रश्नाला सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि तोच आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे. तो निवडण्यास आणखीहि एक कारण आहे. आयुष्यभर पाठ्यपुस्तकें शिकविलेल्या माणसाला हें जाणवल्यावांचून राहत नाहीं कीं, पुस्तकांतील एखादें वाक्य पुष्कळ काळ एखादें दार बंद करून ठेवूं शकतें. त्याचें उदाहरण या इतिहासांत आहे.

मज्जातंतु तुटला म्हणजे कायमचा गेला, अशी जुन्या वैद्यकाची समजूत होती. तिला धक्का दिला तो लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम क्रुकशँक यानें. १७७६ मध्यें त्यानें कुत्र्यांच्या मानेंतील मज्जातंतू कापून पाहिले, तेव्हां दोन टोंकांमधील जागा कांहीं काळानें नव्या पदार्थानें भरून आलेली त्याला दिसली. त्याचा निबंध रॉयल सोसायटीनें छापला मात्र १७९५ सालीं! पण भरून आलेला पदार्थ खरोखर मज्जातंतूचेंच काम करतो, हें कशावरून? त्याच वर्षीं जॉन हेटन यानें या शंकेचें उत्तर दिलें. मानेच्या दोन्ही बाजूंचे हे तंतू एकदम कापले, तर कुत्रा जगत नाहीं. हेटननें एका बाजूचा तंतु कापला, मध्यें कांहीं आठवडे जाऊं दिले, आणि मग दुसऱ्या बाजूचा कापला, कुत्रा जगला. पुष्कळ महिन्यांनीं त्यानें तेच सांधलेले तंतू दोन्ही बाजूंनीं एकदम कापले, तेव्हां मात्र कुत्रा मेला. ज्याच्या तुटण्यानें प्राण गेला, तो सांधा तोंपर्यंत काम करीत होता हें उघड झालें. प्रयोग निष्ठुर खरा, पण त्यांतील तर्कांत फट नाहीं.

पुढचें पाऊल पडलें तें १८५० मध्यें. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरानें बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून त्यांतील फेरफार सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिवसानुदिवस पाहिले. तुटलेल्या जागेपासून जिभेकडचा भाग हळूहळू तुकडे पडून नाश पावतो आणि मेंदूकडचा भाग शाबूत राहतो, असें त्याला आढळलें. पुढें आणखी प्रयोग करून त्यानें दाखविलें कीं, तंतूचें पोषण त्याच्या मूळ पेशींत असतें. पेशीपासून तुटलेला तंतु, झाडापासून तोडलेल्या फांदीप्रमाणें, वाळून जातो. हा दृष्टांत इतका सहज पटणारा होता कीं, पुढें शंभरांहून अधिक वर्षें त्याविषयीं फारशी शंका कोणीं घेतली नाहीं. तो अपुरा होता, हें पुढें सांगतों.

कुत्रा किंवा बेडूक आपणांस काय वाटतें तें सांगूं शकत नाहीं. म्हणून हेन्री हेड या लंडनच्या डॉक्टरानें १९०३ च्या एप्रिल महिन्यांत स्वतःच्याच डाव्या हातांतील संवेदनेचे तंतू शस्त्रक्रियेनें कापवून घेतले व रेशमी धाग्यानें पुन्हां टांचवून घेतले. पुढें सुमारें चार वर्षें तो केंब्रिजला आपला मित्र डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स याच्याकडे जात असे. हेड डोळे मिटून बसे. रिव्हर्स त्याच्या हाताला टांचणी, कापूस, थंड व गरम नळ्या लावून प्रत्येक उत्तराची नोंद करी. प्रथम वेदना, ऊन व थंड यांची ढोबळ जाणीव परतली. हलक्या स्पर्शाची नाजूक जाणीव पुष्कळ उशिरां आली. १९०८ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यावरून दोघांनीं बसविलेली उपपत्ति पुढें टिकली नाहीं. पण ज्ञानासाठीं स्वतःचा हात पुढें करणाऱ्या माणसाची ही नोंद अद्याप वाचण्यासारखी आहे.

याच सुमारास स्पेनमध्यें सांतियागो रामोन ई काहाल हा थोर शास्त्रज्ञ मज्जातंतूंचा अभ्यास करीत होता. वाढत्या तंतूच्या टोंकाला एक लहानसा शंकु असतो, आणि तो वाट चांचपीत पुढें सरकतो, असें त्यानें १८९० मध्यें वर्णन केलें. १९०७ मध्यें अमेरिकेंत रॉस हॅरिसन यानें बेडकाच्या गर्भांतील कण लसीकेच्या थेंबांत ठेवून तंतूची ही वाढ जिवंत अवस्थेंत पाहिली. १९१३-१४ मध्यें काहालचा तंतूंच्या नाशाविषयींचा व पुनर्वाढीविषयींचा मोठा ग्रंथ निघाला. हातापायांतील तंतू पुन्हां वाढतात. परंतु मेंदूंत व मज्जारज्जूंत थोडे अंकुर फुटून लगेच खुंटतात, असें त्यानें दाखविलें. प्रौढ प्राण्याच्या मेंदूंत आणि मज्जारज्जूंत तंतूंचे मार्ग कायमचे ठरलेले असतात. तेथें मरण आहे, पुनर्जन्म नाहीं, हा त्याचा निष्कर्ष वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. पण त्याच ठिकाणीं काहालनें, हा कठोर निवाडा शक्य तर बदलणें हें भावी शास्त्राचें काम आहे, अशा आशयाचेंहि म्हटलें होतें. त्याचाच शिष्य तेल्यो यानें १९११ मध्यें सशाच्या मेंदूंत पायाच्या मज्जातंतूचा तुकडा बसविला, तेव्हां मेंदूंतील तंतू त्या तुकड्यांत शिरलेले दिसले होते. निवाडा लक्षांत राहिला. अपवाद मागें पडला.

मध्यंतरीं दोन महायुद्धें झालीं. हजारों तरुणांचे हात-पाय गोळ्यांनीं बधिर झाले. १९१५ मध्यें फ्रान्सच्या ज्यूल टिनेल यानें आणि शत्रुपक्षाच्या जर्मनींत पॉल हॉफमन यानें, एकमेकांना न कळतां, एकच खूण शोधली: मज्जातंतूवर बोटानें हलकेंच ठोकलें असतां जेथें मुंग्या आल्यासारखें होतें, तेथवर नवा तंतु पोंचलेला असतो. टिनेलनें या संवेदनेला जो फ्रेंच शब्द वापरला, तोहि मुंगीवरूनच बनलेला आहे! दुसऱ्या महायुद्धांत ऑक्सफर्ड येथें हर्बर्ट सेडन यानें अशा जखमांचे तीन प्रकार १९४३ मध्यें निश्चित केले. माणसांत तंतूची वाढ ढोबळ मानानें दिवसाला १ मिलिमीटर होते. खांद्यापासून बोटांपर्यंत ७०० मिलिमीटर अंतर धरलें, तरी जवळजवळ दोन वर्षें लागतात. तोंवर हाताचे स्नायू क्षीण होतात. येथें गतीचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं, हें आपल्या लक्षांत येईल.

बंद दार पुन्हां उघडलें तें कॅनडांत. १९८१ मध्यें माँट्रिअल येथील सॅम्युएल डेव्हिड व आल्बर्ट आग्वायो यांनीं उंदराच्या पायांतील मज्जातंतूचा तुकडा घेऊन त्याचें एक टोंक मेंदूच्या तळाशीं व दुसरें मज्जारज्जूंत बसविलें. त्या पुलांतून मेंदूकडचे व रज्जूचे तंतू सुमारें ३ सेंटिमीटर वाढले. पण पूल ओलांडून पुन्हां रज्जूंत शिरतांच ते थोड्याच अंतरावर थांबले. म्हणजे वाढीची शक्ति तंतूंत होती. भोंवतालची जमीन प्रतिकूल होती. १९८८ मध्यें झ्यूरिचच्या मार्टिन श्वाब यानें ही जमीन तंतूंना प्रत्यक्ष अडविते, असें सिद्ध केलें.

परंतु सर्व दोष जमिनीचा नव्हता, हें लहान उंदरांनीं शिकविलें. १९८९ मध्यें ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनीं एका विशिष्ट वंशाच्या उंदरांविषयीं विलक्षण बातमी दिली. सामान्य उंदराचा तुटलेला तंतु एक-दोन दिवसांत कोसळतो. या उंदरांचा तंतु पेशीपासून तुटूनहि दोन आठवड्यांहून अधिक टिकत होता. म्हणजे फांदी केवळ उपासमारीनें वाळत नाहीं. तिच्या आंतच स्वतःला मोडण्याची योजना असते, आणि ती थांबवितां येते. २००१ मध्यें यामागचें संयुक्त जनुक सांपडलें. २०१२ मध्यें ही मोडतोड घडवून आणणारें 'सार्म-१' नांवाचें प्रथिन ओळखलें गेलें. आणखी एक गोष्ट दिसली. या उंदरांत जुना भाग मोडत नसल्यामुळें विशेषतः संवेदनेच्या तंतूंची नवी वाढ रेंगाळली. जुन्या घराचा राडारोडा काढल्याखेरीज नव्या भिंती उभ्या राहत नाहींत, तसेंच हें आहे.

आतां जनुकांविषयीं दोन शब्द. आपल्या बहुतेक सर्व पेशींत एकच पाकपुस्तक असतें. पण प्रत्येक पेशी त्यांतलीं ठराविक पानेंच उघडते. तंतु तुटला कीं, ती बातमी मूळ पेशीच्या केंद्रापर्यंत पोंचते, आणि पेशी निरोप पोंचविण्याचीं पानें मिटून बांधकामाचीं पानें उघडते. हीं पानें उघडणाऱ्या प्रथिनांत 'सी-जून' व 'एटीएफ-३' हीं प्रमुख आहेत. २००४ मध्यें, ज्यांच्या मज्जापेशींतून सी-जून काढून टाकलें होतें अशा उंदरांत चेहऱ्याचा मज्जातंतु नीट वाढला नाहीं. तंतूभोंवतीं श्वान पेशी असतात. (श्वान हें जर्मन शास्त्रज्ञाचें आडनांव, कुत्र्याशीं त्याचा संबंध नाहीं.) त्यांतून सी-जून काढल्यावरहि वाढ खुंटते, हें २०१२ मध्यें लंडनमध्यें दिसलें. याउलट मज्जारज्जूंतील बहुतेक तंतू तुटल्यावर त्यांच्या पेशी हीं पानें फारशीं उघडतच नाहींत.

मग तीं मुद्दाम उघडलीं तर? संवेदनेच्या पेशीला दोन शाखा असतात. एक कातडीकडे जाते, दुसरी मज्जारज्जूंत. बाहेरची शाखा आधीं दुखविली, तर पेशी जागी होते, आणि मग रज्जूंतील तुटलेली शाखाहि वाढूं लागते, हें १९९९ मध्यें उंदरांत दिसलें. २००८ मध्यें बोस्टन येथें झिगांग हे व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंदराच्या नेत्रपेशींतून 'पीटेन' नांवाचें जनुक काढलें, तेव्हां एरवीं न वाढणारे डोळ्याचे तंतू पुन्हां वाढले. मात्र हेंच जनुक कर्करोगाला आवर घालतें. कुलूप उगीच घातलेलें नाहीं. तें काढतांना घराची राखणहि केली पाहिजे.

म्हणून आजची स्थिति स्वच्छ सांगितली पाहिजे. उंदराच्या कांहीं तंतूंत जें साधलें, तें माणसाच्या तुटलेल्या मज्जारज्जूंत साधून देणारें कोणतेंहि मान्य औषध अद्याप नाहीं. कण्याच्या दुखापतीनें अंथरुणाला खिळलेला मुलगा ज्या घरांत आहे, तेथें हमखास गुणाची जाहिरात वाचून दागिने मोडण्यापूर्वीं हें ध्यानीं घ्यावें. पण त्याबरोबरच, "येथें कांहींच होणें नाहीं," असेंहि आतां कोणीं म्हणूं नये. काहालच्या वाक्याचा उत्तरार्ध शिकवावयाचा राहून गेला होता. तो या मुक्या उंदरांच्या साह्यानें शास्त्रज्ञ आतां पुढें लिहीत आहेत.