कुत्र्यांचा पांजरपोळ गायींचा कसा झाला?

मंडळी, सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाची चर्चा यवतमाळपासून वणी-पुसदपर्यंत चहाच्या टपरीवर ऐकली असेलच. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथली मोकाट कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवायची, परत त्याच जागी सोडायची नाहीत. बहुतेकांची प्रतिक्रिया एकच, "बरं झालं, टाका एकदाचे कोंडून!"

पण कोंडून टाकणं म्हणजे नेमकं काय, हे पाहायला जवळपास दोनशे वर्षं मागं जावं लागतं. तेही मुंबईला.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा नियम होता, १८१३ पासूनचा. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस. आता आठ आणे म्हटल्यावर काय होणार? मोकाट कोणतं अन् पाळलेलं कोणतं, हे पाहायला कोण थांबतो! पाळलेली कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या. ६ जून १८३२ ला, नेमका पारशांचा पवित्र दिवस, फोर्टमध्ये पोलिसांवर जमाव चालून गेला. पारशांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवतात, त्याला सगदीद म्हणतात. त्यांच्यासाठी हा धर्माचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन आणि हिंदू व्यापारीही सोबत. गोऱ्या सैन्याची रसद अडली, तेव्हा मात्र सरकारला घाम फुटला. लष्कर बोलावलं, धरपकड झाली. 'मुंबईची कुत्र्यांची दंगल' म्हणून इतिहासात ती नोंदली गेली आहे. (आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हती, काहून कोण जाणे.)

मग तोडगा निघाला: मारायचं नाही, शहराबाहेर नेऊन सोडायचं. म्हणजे फोर्टातल्या साहेबाची झोप मोडणारं कुत्रं दुसऱ्याच्या दारात. हा तोडगा आजही आपल्याइकडं चालतो. रात्री गाडी भरायची आणि पुढच्या गावाच्या शिवारात रिकामी करायची. ते गाव उद्या तेच करते.

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्याहून पुढचं पाऊल टाकलं, हे मान्य केलं पाहिजे. सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी १८३४ मध्ये पांजरपोळ काढला. नुसती दया नव्हती, पैशाची सोय होती. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर लाग ठरवून दिला. दरसाल येणारा पैसा, कुणाच्या मर्जीवर नाही. कुत्र्यांना दूध लागतं म्हणून गायी आणल्या, असं सांगतात. आज भुलेश्वरच्या त्या पांजरपोळात जाऊन पाहा, गायीच गायी. कुत्र्यांसाठी सुरू झालेली संस्था गायींची झाली. गायीला दान मिळतं, पुण्य मिळतं. खरजुल्या कुत्र्याच्या नावानं पावती कोण फाडतं?

कुत्री रस्त्यावरच राहिली आणि मुंबई महापालिका त्यांना विजेचा शॉक देऊन मारत राहिली, पार १९९० च्या दशकापर्यंत. इतकी वर्षं मारूनही मुंबईतली कुत्री संपली नाहीत. उकिरडा आहे, मटण मार्केटचा कचरा आहे, तोवर एक गेलं की दुसरं त्या जागी येतं. म्हणून नसबंदी आणि लसीकरण करून त्याच गल्लीत सोडायची पद्धत आली. २००१ चे नियम, मग २०२३ चे नियम, दोन्हींचा गाभा हाच. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची सगळी कुत्री कोंडायला सांगितलं, २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं ते बदलून पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची परत सोडा म्हटलं, आणि नोव्हेंबरमध्ये बसस्टँड-दवाखान्यांपुरता पुन्हा वेगळा आदेश.

मी श्वानप्रेमी मंडळींच्या बाजूनं लिहितोय असं समजू नका. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, जवळपास शंभर टक्के. आणि कुत्रं चावतं ते बंगल्यातल्या पोराला कमी, पायी शाळेत जाणाऱ्या पोराला जास्त. त्या पोराच्या मायला "प्राण्यांचेही हक्क असतात" सांगायला जाऊ नये. दवाखान्याच्या वॉर्डात कुत्रं नको, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं.

प्रश्न भिंतीच्या आतला आहे. आपल्या नगर परिषदांना जनावरांची एकच जागा माहीत आहे, कोंडवाडा. १८७१ च्या कॅटल ट्रेसपास कायद्यातला. तो कसाबसा चालतो, कारण बैलाला मालक आहे. मालक दंड भरून सोडवतो, नाही सोडवलं तर लिलाव. कुत्र्याला सोडवायला कोण येणार? लिलावात बोली कोण लावणार? समजा शंभर कुत्री ठेवली आणि प्रत्येकी रोजचे फक्त चाळीस रुपये धरले, तर वर्षाला १४ लाख ६० हजार. डॉक्टर, औषध, सफाई, चौकीदार वेगळे. आणि हे एका वर्षाचं नाही, कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. जगू दिलं तर.

कारण पैसे तिसऱ्या महिन्यात थांबले तर आत काय होतं, हे सांगायला नको. अनोळखी कुत्री एकत्र कोंडली की झुंजतात. एकाला गॅस्ट्रो किंवा डिस्टेंपर झाला की रांग लागते. शॉकनं मारलं तर आकडा तरी कुणीतरी लिहायचं, इथं तोही लिहिला जाणार नाही.

म्हणून निवारा केंद्राचं टेंडर निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाला शेडचे पत्रे किती, हे विचारू नका. विचारा, खाण्याचा पैसा कोणत्या हेडखाली आणि किती वर्षांसाठी? पशुवैद्यक रोज येणार की फोनवर? मेलेल्या कुत्र्यांचं रजिस्टर असेल का, आणि ते आम्हाला पाहायला मिळेल का?